हातात मोजे होते

३ मार्च, मंगळवार

इंग्लिशच्या बाईंनी ही वही देऊन महिना होत आला. रोज चार ओळी लिही म्हणाल्या. दिवसभरात जी काही खूण दिसेल ती लिही, आणि तिला इंग्रजीतला कोणता शब्द बसतो तेही लिही. मी काय केलं, तर पहिल्या पानावर स्वतःचं नाव झोकात काढलं, अक्षरांना सावली दिली, सावलीला रेघा मारल्या, आणि वही उशाखाली सारली. काल बाईंनी विचारलं तेव्हा "लिहितोय की, घरी राहिली," असं ठोकून दिलं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. एवढंसं "बरं", पण घरी येईपर्यंत टोचत होतं. तर आजपासून लिहितो.

मी ताई आणि दाजींकडे राहतो, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. याआधी फोटो स्टुडिओत होतो, मग सर्कशीत तंबूचे दोर ओढायला, मग एका बोटीवर भांडी घासायला. कुठंच टिकलो नाही. शेवटी दाजींनी त्यांच्या आवारात चिकटवलं. तिथं लोखंडी पाइपांच्या मोळ्या क्रेननं उचलून ट्रकवर चढवतात. दाजी क्रेन चालवतात. ते वर काचेच्या खोलीत, मोटारीच्या घरघरीत. खालचं एक अक्षर त्यांना ऐकू जात नाही. म्हणून खाली एक माणूस उभा राहून हातांनी सांगतो, वर घे, खाली सोड, थांब. तो मी. सिग्नलवाला. परीक्षा दिल्याशिवाय कायम करणार नाहीत, आणि परीक्षा इंग्रजीत, म्हणून बाईंची शिकवणी.

बाई म्हणतात, साइन म्हणजे जे नुसतं असतं आणि आपण वाचतो. आभाळ भरून आलं, हे साइन. सिग्नल आपोआप होत नाही. तो कुणीतरी कुणासाठी तरी मुद्दाम देतो, आणि दोघांचं आधी ठरलेलं असावं लागतं.

"आणि बोलताना हात हलतात ते?"

"ते जेस्चर. तुझे जरा जास्तच हलतात."

५ मार्च, गुरुवार

आज पाट्यांचा धडा. आमच्या आवारात चार तऱ्हेच्या पाट्या आहेत आणि मला त्या सारख्याच वाटायच्या, कुणीतरी दटावतंय एवढंच. बाईंनी फोड करून दिली. डेंजर म्हणजे पुढं गेलास तर मेलास. वॉर्निंग म्हणजे मरूही शकशील. कॉशन म्हणजे लागेल, पण मरणार नाहीस. नोटिस म्हणजे कुणाला काही होणार नाही, फक्त साहेब चिडतील.

हे मी पैलवानाला सांगितलं. पैलवान म्हणजे आमचा साखळीवाला. मोळीला साखळ्या अडकवायच्या, मोळी उतरताना खाली लाकडी ठोकळे सरकवायचे, हे त्याचं काम. अंगानं काडी, म्हणून पैलवान.

तो म्हणाला, "मग आपल्या कॅन्टीनच्या चहाला कुठली पाटी?"

"कॉशन."

"आणि तुझ्या बडबडीला?"

मी बोटांवर चारी पाट्या मोजल्या. तो म्हणाला, "मास्तरीणबाईंना विचार." आणि बिडी कानावर खोचून मोळीखाली वाकला.

आमच्या आवाराची एक पद्धत लिहायची राहिली. दुसरीकडे कुठं नाही म्हणतात, दाजींनीच सुरू केली. सिग्नलवाल्याला पिवळे हातमोजे असतात. मोजे घातले की हात क्रेनचे. नाक खाजवायचं असलं, चहा प्यायचा असला, तर मोजे काढून पट्ट्यात खोचायचे. मग हात आपले, कितीही नाचवा, क्रेन जागची हलत नाही. पहिल्या दिवशी दाजींनी स्वतः मोजे माझ्या हातांवर चढवले होते. म्हणाले, "वरून मला तुझं तोंड दिसत नाही. हेच दिसतात."

९ मार्च, सोमवार

पैलवानाच्या पायावर मोळी आली. दवाखान्यात नेलाय. जास्त लिहवत नाही.

११ मार्च, बुधवार

लिहितो. नाही लिहिलं तर डोक्यात तेच तेच फिरत राहील.

सोमवारी मोळी खाली येत होती. जमिनीपासून वीतभर वर मी "थांब" दिलं. दाजींनी थांबवली. पैलवान ठोकळे सारखे करायला वाकला. एक ठोकळा तिरका बसला होता, त्याला जरा वेळ लागत होता. मी नुसता उभा. नुसतं उभं राहणं मला जमत नाही, लहानपणापासूनचं आहे. शेजारी ट्रकचा ड्रायव्हर होता. तो म्हणाला, तू सर्कशीत होतास म्हणे. झालं. मी सांगायला लागलो, एकदा भर खेळात मधला खांब कलला आणि अख्खा तंबू कसा गोल गोल फिरत, हळूहळू, खाली, खाली...

हात लांब करून, बोट जमिनीकडे, गोल गोल.

"खाली सोड"चा सिग्नल अगदी असाच आहे.

क्रेनची मोटार बोलली तरी माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं ड्रायव्हरचं तोंड गोष्ट ऐकून उघडं पडलंय. मग पैलवान ओरडला. तो आवाज लिहिता येत नाही. मी "थांब" केलं, "वर" केलं, दोन्ही हात वेड्यासारखे हलवले. दाजींनी मोळी उचलली. मी पैलवानाला बगलेत धरून ओढायला गेलो, मोजे घामानं सटकत होते, ते दातांनी ओढून काढले, कुठंतरी फेकले. ड्रायव्हर घाबरून पाणी आणायला पळाला. माणसं जमली, सेफ्टीच्या मॅडम आल्या, तेव्हा मी उघड्या हातांनी पैलवानाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो.

मॅडमनी विचारलं, "तू सिग्नल दिलास?"

"नाही." हे खरंच होतं. सिग्नल मुद्दाम देतात. मी मुद्दाम काही दिलं नव्हतं. बाईंच्या धड्याप्रमाणे ते जेस्चर होतं.

"हातात मोजे होते?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. उघडे होते.

"नाही," म्हणालो.

तोवर दाजी शिडी उतरून आले होते. त्यांना मॅडमनी विचारलं, मोजे दिसले का? दाजी म्हणाले, "दिसले." मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कुठलीशी पाटी वाचता येत नसली की माणूस पाहतो तसं.

मोजे नसताना क्रेन हलवली तर सगळा दोष चालवणाऱ्याचा. ड्रायव्हर म्हणतो मी गोष्ट ऐकत होतो, मोज्यांकडे कोण बघतं. दाजींना त्याच दिवशी क्रेनवरून उतरवलं. चौकशी होईल, लायसन जाऊ शकतं. क्रेनशिवाय दाजींना दुसरं काही येत नाही, करायचंही नाही.

पैलवानाची बोटं वाचतील का ते ठरायचंय. उद्या बघायला जाईन.

१२ मार्च, गुरुवार

गेलो नाही. नवा क्रेनवाला आलाय, त्याच्याबरोबर काम लावून घ्यायचं होतं.

१४ मार्च, शनिवार

आज सगळ्या कामगारांना सकाळी आवारात उभं केलं. मॅडम बोलल्या. काळजी घ्या, नियम पाळा वगैरे. मी मागच्या ओळीत पायानं खडी उकरत होतो. एकदम माझं नाव घेतलं. पुढं बोलावलं. म्हणाल्या, "सख्ख्या बहिणीचा नवरा असूनही या मुलानं खरं ते सांगितलं. नात्यापेक्षा खरं मोठं मानलं." आणि माझ्या खिशाला एक बिल्ला लावला. हिरवा, गोल, मधे हेल्मेटचं चित्र.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅन्टीनवाला तर जोरजोरात. त्या वेळी पायाखालची जमीन खरंच फाटती तर बरं झालं असतं. ती काही फाटत नाही, आपल्याला जागेवर परत जावंच लागतं, आणि जाताना दोघांनी माझी पाठ थोपटली.

संध्याकाळी बाईंकडे जाताना बिल्ला काढायचा विसरलो. त्यांनी त्याच्यावरूनच धडा घेतला. टोकन म्हणजे मोठ्या गोष्टीच्या जागी दिलेली लहानशी वस्तू. बॅज म्हणजे आपण कोण ते लोकांना सांगणारी. "हा तुझा बिल्ला काय म्हणशील?"

मी म्हटलं, "बाई, मार्क म्हणजे डागही ना?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हो. डागही."

घरी येताना जिन्यात बिल्ला काढून खिशात टाकला. ताईनं दार उघडलं आणि पहिल्यांदा माझ्या खिशाकडेच पाहिलं. तिथं पिनेची दोन भोकं होती.

१६ मार्च, सोमवार

दाजी घरी असतात. घरात दिवसा दाजी असणं मला बघवत नाही. खिडकीची कडी दुरुस्त केली, नळाचं गळणं थांबवलं, ताईच्या शिवणयंत्राला तेल घातलं, आता दुरुस्त करायला काही उरलं नाही. खुर्चीवर बसतात, आणि बसल्या बसल्या हात मांडीवर थोडे थोडे हलतात, डावा पुढं, उजवा मागं. लीवर ओढतात. त्यांना कळतही नाही.

बाईंना विचारलं, याला काय म्हणायचं. कुणाचं ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, डॉक्टर लोक दोन शब्द वेगळे ठेवतात. रोगी स्वतः सांगतो तो सिम्प्टम. डोकं दुखतंय, मळमळतंय. आणि जे डॉक्टरला बाहेरून दिसतं ते साइन. ताप, सूज, पुरळ. रोगी काही बोलला नाही तरी ते दिसतंच.

मी विचारलं, "आणि लाज? ती साइन का सिम्प्टम?"

"कान लाल झाले तर साइन. आतून काय होतंय ते तू सांगितलंस तर सिम्प्टम." मग म्हणाल्या, "तुझे कान आल्यापासून लाल आहेत. सांगायचंय काही?"

मी म्हटलं, "गरम होतंय." पंखा चालू होता.

जेवताना मी हात मांडीखाली धरून बसलो होतो. ताई म्हणाली, "हात बाहेर काढ. का भरवू आता?" दाजी हसले. मला हसता आलं नाही. हल्ली ती दुपारी डबा भरून कुठंतरी जाते. दाजी तर घरीच जेवतात. शिवणाचं काम देणाऱ्या बाईंकडे जात असेल, त्यांची तब्येत बरी नाही म्हणत होती. मी विचारलं नाही. या घरात काही विचारायचा हक्क मी घालवून बसलोय.

पैलवानाची दोन बोटं काढली, असं कॅन्टीनमध्ये कळलं. रविवारी नक्की जाईन.

१९ मार्च, गुरुवार

आज सांगितलं. सकाळी नवा क्रेनवाला वरून वाकून ओरडला, "ए बिल्ला, मोजे घाल नीट!" सगळे हसले. मी मोजे घातले आणि हात वर जाईनात. तसाच मॅडमच्या खोलीत गेलो. खुर्चीवर बसायचंही सुचलं नाही. म्हटलं, "हातात मोजे होते. मी गोष्ट सांगत होतो. हात माझेच हलले. दाजींनी जे दिसलं तेच केलं."

सांगून टाकलं की छातीवरचा दगड उतरतो असं ऐकलं होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. फार मायेनं म्हणाल्या, "बस. घरी त्रास होतोय ना?"

"नाही, मॅडम, खरंच होते."

"पहिल्या दिवशी, रक्त ओलं असताना, तू नाही म्हणालास. आता दहा दिवस त्यांच्या घरात राहिल्यावर हो म्हणतोस. मी काय समजू? बहीण रडली असेल. रडणारच. तुझी काही चूक नाही."

"ताई नाही रडली. ताई काहीच बोलली नाही."

"तेच ते," त्या म्हणाल्या.

मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो परत माझ्या हातात दिला, वरून मूठ मिटली. म्हणजे मी खोटं बोललो तेव्हा मला खरं मानलं, कारण ते माझ्याच माणसाच्या विरुद्ध होतं. आणि खरं बोलतोय तर मेहुणा मेहुण्याला वाचवतोय. यात चूक कुणाची काढू? मीच त्यांना तसं वाचायला लावलं.

सोमवारी दुपारी निकाल. निघताना म्हणाल्या, तिसरा माणूस सांगणार असेल तर वेगळी गोष्ट. तिसरा एकच. पैलवान. तो खाली होता, त्याचं तोंड माझ्याकडे होतं. पण आवारातला माणूस विचारायला गेला तर तो म्हणतो, "आधी पायाचं बघू द्या," आणि भिंतीकडे तोंड करतो.

म्हणजे आता मला त्याच्याकडे जाऊन मागावं लागणार. त्याची बोटं घालवली मी. आणि म्हणायचं काय, दादा, जरा माझ्यासाठी एवढं बोलता का?

२० मार्च, शुक्रवार

काल दाजींनाही सांगितलं. ताई खाली पाणी भरायला गेली होती. दाजी खिडकीशी. मी म्हटलं, "दाजी, मॅडमला सांगितलं आज. मोजे होते म्हणून."

"मला माहीत आहे होते."

"त्यांनी ऐकलं नाही."

"हं."

मग म्हणाले, "तू काय सांगत होतास त्या ड्रायव्हरला?"

"दाजी, जाऊ द्या ना."

"नाही, सांग. वरून नुसते हात दिसले. मीही म्हणतो, एवढं काय रंगलं होतं."

मग मला तंबूची गोष्ट सांगावी लागली. दोन्ही हात मांडीखाली दाबून सांगितली, नुसत्या तोंडानं. खांब कसा कलला, झुल्यावरची बाई कशी दोराला लोंबकळली, तंबू बसल्यावर आतून हत्तीची सोंड बाहेर आली आणि लोक पळायचं सोडून हसायला लागले. माझं मलाच कळत होतं, हातांशिवाय गोष्टीत दम नाही. तरी दाजी सोंडेच्या ठिकाणी हसले. चांगले हसले. मग हसता हसता तोंड फिरवलं आणि खिडकीची ती दुरुस्त केलेली कडी काढली, लावली, काढली, लावली.

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

२२ मार्च, रविवार

दवाखान्यात गेलो. म्हणजे फाटकापर्यंत. फाटकावर भेटीच्या वेळांची पाटी आहे. ती वाचली. नोटिस. कुणाला काही होणार नाही अशातली. मग शेजारी एक म्हातारे गृहस्थ वजनाचा काटा घेऊन बसले होते, त्यांच्याशी बोलत बसलो. काटा कसा खराब होतो, कसा दुरुस्त करतात, सगळं समजून घेतलं. त्यांनी माझं वजन फुकट केलं. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. माझ्या मनाला पक्कं माहीत होतं की ती वाजेपर्यंत मी उठणार नाही.

बाई एकदा ओमेन म्हणजे काय ते सांगत होत्या. पुढं काय घडणार त्याची खूण. ज्याला भीती असते त्याला ती सगळीकडे दिसते, म्हणाल्या. मला येताना एका भिंतीवर नुसता बाण रंगवलेला दिसला, खाली काही लिहिलेलं नाही. तो दवाखान्याकडे होता. मी उलटा चालत होतो.

पैलवान काय म्हणेल याची भीती नाही. तो काही म्हणाला नाही तर? भिंतीकडे तोंड केलं तर? मी त्याच्या खाटेच्या पायथ्याशी उभा, आणि त्या पायाकडे बघायचं की नाही हेच मला ठरवता येत नाहीये.

२३ मार्च, सोमवार

आज दुपारी निकाल. सुट्टी टाकली आहे. बूट घातलेत, नाड्या बांधल्यात. दाजी न्हाऊन, कपडे बदलून आतल्या खोलीत बसलेत. ऑफिसात बोलावलंय त्यांना. मघाशी लायसन टेबलावर काढून ठेवलं, पुन्हा खिशात घातलं. त्यावरच्या फोटोत दाजी माझ्याएवढे दिसतात.

मी आता दवाखान्यात जाणार. भेटीची वेळ नसली तरी हातापाया पडून आत शिरणार. काय बोलायचं ते ठरवलंय. मोज्यांचं नंतर. आधी, "मी एवढे दिवस आलो नाही," हे. हेच सगळ्यात अवघड जाणार आहे, कारण याला इंग्रजी-मराठी कुठलाच शब्द आड घेता येत नाही. हात हलले ते नकळत. खोटं बोललो ते घाबरून. पण न जाणं मी रोज सकाळी उठून, बूट घालून, नीट शुद्धीत केलंय.

बूट घातल्यावर वही काढली, हेही तेच चाललंय. कळतंय मला. एवढी ओळ झाली की उठतो.

ताई डबा घेऊन सकाळीच गेली होती, आज दुपारची वाट नाही पाहिली. आत्ता तिचीच हाक आली, खालून, रस्त्यावरून. ती कधी रस्त्यावरून हाक मारत नाही, लोक काय म्हणतील म्हणते. दाजी खिडकीशी गेले आणि तिथंच थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

खाली गाडी उभी आहे. दार उघडं. ताई एका हातात कुबड्या धरून उभी, आणि पाय बाहेर काढून, गुडघ्यापर्यंत पांढरंफेक प्लास्टर, पैलवान बसलाय. आणखी बारीक झालाय. वर बघून ओरडतोय, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "जिना मला चढवत नाही! ऑफिसात जायचंय, त्या पोराला खाली पाठवा, खांदा लागेल!"